एका चुकीचें माप: यष्टिरक्षक किरण मोरे ह्यांच्या खेळावरून एक पाठ

कपाशी वेचून झाली, शेतें मोकळीं झालीं, म्हणजे आमच्या वर्धा जिल्ह्यांत गांवोगांवचीं पोरें फळीची बॅट आणि रबरी चेंडू घेऊन उघड्या वावरांत जमतात. हिंगणघाटाकडे जा, आर्वीकडे जा, कीं देवळीच्या बाजूस एखाद्या आडगांवीं जा, सायंकाळचा हा देखावा सर्वत्र सारखाच. झेल घेतला तर दोन टाळ्या पडतात. झेल सुटला तर जो गलका होतो तो सडकेवरून जाणाऱ्या गाडीवानासही ऐकूं येतो. टाळ्या घटकाभरांत विसरल्या जातात. गलका मात्र त्या पोराच्या मागें घरापर्यंत येतो, आणि कित्येकदां दुसऱ्या दिवशीं शाळेंतही येतो.

आजच्या पाठाचा विषय हा गलकाच आहे. एखाद्या मनुष्यानें दहा-वीस वर्षें इमानानें व कौशल्यानें काम करावें. एके दिवशीं, एका क्षणीं, त्याचा हात चुकावा. आणि पुढें त्याचें नांव निघतांच लोकांस तो एक क्षण तेवढा आठवावा, बाकीचीं वर्षें आठवूं नयेत, असें जगांत वारंवार घडतें. असें कां घडतें, आणि त्यांत न्याय किती व अन्याय किती, हें आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों. उदाहरण क्रिकेटच्या खेळांतील घेतलें आहे. ह्याचें कारण एवढेंच कीं, गांवांतील मनुष्याच्या कामाचा हिशेब कोणी लिहून ठेवीत नाहीं. पण क्रिकेटमध्यें प्रत्येक धाव व बाद झालेला प्रत्येक गडी वहींत उतरलेला असतो. म्हणून लोक काय म्हणतात आणि वही काय म्हणते, हें तेथें शेजारीं शेजारीं ठेवून पाहतां येतें.

ज्यांची हकीकत सांगावयाची ते किरण शंकर मोरे. त्यांचा जन्म ४ सप्टेंबर १९६२ रोजीं बडोदें येथें झाला. बडोदें शहर गुजरातेंत असलें तरी गायकवाडांच्या राज्यामुळें तेथें मराठी कुटुंबें पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलीं आहेत, आणि क्रिकेटची तर ती जुनी पेठच होय. सांगलीचे विजय हजारे ह्यांनीं आपल्या खेळाचीं उत्तम वर्षें बडोद्याकडूनच घालविलीं, व पुण्याचे चंदू बोर्डे हेही कांहीं काळ बडोद्याकडून खेळले. अशा गांवीं मोरे ह्यांनीं यष्टिरक्षकाचें, म्हणजे यष्ट्यांच्या मागें बसून चेंडू अडविण्याचें काम पत्करलें. १९८२-८३ सालीं भारताचा संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेला तेव्हां सैयद किरमाणी ह्यांचे दुय्यम म्हणून मोरे बरोबर होते. परंतु किरमाणींसारखा जुना जाणता मनुष्य पुढें असतां दुय्यमास कसोटी सामना कोठून मिळणार? त्यांस पहिला कसोटी सामना खेळावयास मिळाला तो जून १९८६ मध्यें. वाट पाहण्याचीं हीं वर्षें कोणाच्याही स्मरणांत नसतात. पण तींही कामाचींच वर्षें असतात.

यष्टिरक्षकाचें काम कसलें असतें, हें थोडें समजून घेतलें पाहिजे. कारण पुढील सर्व गोष्टीची किल्ली त्यांतच आहे. फलंदाज खेळला तर धावा फळ्यावर चढतात. गोलंदाजानें गडी बाद केला तर त्याच्या नांवापुढें आंकडा पडतो. यष्टिरक्षक मात्र बहुतेक वेळ असें काम करीत असतो कीं जें नीट झालें तर दिसतच नाहीं. कसोटी सामन्याच्या एका दिवसांत ९० षटकें टाकलीं जातात असें धरलें, तर तो दिवसांतून ५४० वेळां उकिडवा बसतो व ५४० वेळां उठतो, आणि प्रत्येक वेळीं चेंडू आपल्याकडेच येणार असें समजून डोळ्यांत तेल घालून पाहतो. त्यांतील शेंकडों चेंडू तो मुकाट्यानें अडवितो व शेजारच्या गड्याकडे फेंकतो. त्याबद्दल कोणी टाळी वाजवीत नाहीं, आणि वाजवावी असेंही कोणास वाटत नाहीं. वर्ध्यासारख्या जंक्शनांतून रोज किती गाड्या बिनबोभाट सुटतात. रुळांचा सांधा बदलणाऱ्या मनुष्याचें नांव तरी आपणांपैकीं कोणास ठाऊक आहे काय? तें एकदांच कळेल, आणि ज्या दिवशीं कळेल तो दिवस चांगला नसेल. यष्टिरक्षकाची जात ह्याच प्रकारची. ज्याचें नीट झालेलें काम दिसत नाहीं त्याची चूक मात्र दुप्पट दिसते.

आतां मोरे ह्यांच्या वहींतील कांहीं पानें पाहूं. त्यांचा पहिला कसोटी सामना इंग्लंडांत, लंडन शहरांतील लॉर्ड्स नांवाच्या मैदानावर झाला. क्रिकेट खेळणाऱ्यांत ह्या मैदानास मोठा मान आहे. तेथें भारतानें तोंपर्यंत एकही कसोटी सामना जिंकला नव्हता. जून १९८६ मधील ह्या सामन्यांत दिलीप वेंगसरकर ह्यांनीं नाबाद १२६ धावा केल्या, आणि कपिल देव ह्यांच्या संघानें ५ गडी राखून तेथें पहिला विजय मिळविला. यष्ट्यांमागें होते नवखे मोरे. त्या दौऱ्यांतील तीन कसोट्यांत त्यांनीं १६ झेल घेतले. लॉर्ड्सचें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें. तें पुन्हां येणार आहे.

दुसरें पान जानेवारी १९८८ चें, मद्रासचें, ज्यास आतां चेन्नई म्हणतात. वेस्ट इंडीजच्या बलाढ्य संघाविरुद्ध भारतानें नरेंद्र हिरवाणी नांवाच्या पोरसवदा फिरकी गोलंदाजास प्रथमच खेळविलें, आणि त्यानें त्या एका सामन्यांत १३६ धावांच्या मोबदल्यांत १६ गडी बाद केले. हें सर्वत्र गाजलें. परंतु चेंडू हातभर वळूं लागला म्हणजे तो अडविणें यष्टिरक्षकास किती जड जातें, ह्याचा विचार थोड्यांनींच केला. फलंदाज पुढें सरसावून चुकला कीं चेंडू धरून निमिषार्धांत यष्ट्या उडवाव्या लागतात. ह्यास यष्टिचीत म्हणतात. मोरे ह्यांनीं त्या सामन्यांत सहा फलंदाज यष्टिचीत केले, त्यांपैकीं पांच एकाच डावांत. कसोटी क्रिकेटच्या सर्व इतिहासांत एका डावांत व एका सामन्यांत इतके यष्टिचीत त्यापूर्वीं कोणींही केले नव्हते, आणि तो विक्रम अद्याप त्यांच्याच नांवावर आहे. आमच्या मतें त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत मोठा दिवस तोच. ज्या खेड्यांत क्रिकेटची गोष्ट रोज निघते तेथेंही हें किती जणांस ठाऊक असेल, ह्याची आम्हांस शंका आहे.

आणखी एक पान १९८९ सालच्या कराचीचें. सचिन तेंडुलकर सोळा वर्षांचे असतां प्रथम कसोटी खेळले तो हा सामना. भारताचे पुढचे गडी भराभर बाद झाले असतां मोरे ह्यांनीं खालच्या क्रमांकावर उभें राहून नाबाद ५८ धावा केल्या. सर्व मिळून मोरे ४९ कसोटी सामने खेळले. त्यांत त्यांनीं ११० झेल घेतले, २० फलंदाज यष्टिचीत केले, म्हणजे १३० गडी बाद करण्यांत त्यांचा हात लागला; शिवाय १,२८५ धावा केल्या त्या वेगळ्याच. एक दिवसाचे ९४ सामने ह्याहून निराळे.

आणि तरी त्यांचें नांव निघालें कीं लोकांस आठवतो तो एक झेल.

तारीख २६ जुलै १९९०. मैदान तेंच, लॉर्ड्स. भारताचे कप्तान महंमद अझरुद्दीन ह्यांनीं नाणेफेक जिंकली आणि इंग्लंडास आधीं फलंदाजी करावयास सांगितलें. इंग्लंडचे कप्तान ग्रॅहम गूच सलामीस आले. त्यांच्या ३६ धावा झाल्या असतां संजीव शर्मा ह्यांच्या एका चेंडूस त्यांच्या बॅटीची कड लागली व चेंडू मागें गेला. झेल अवघड नव्हता. मोरे ह्यांच्यासारख्या यष्टिरक्षकानें तो घ्यावयास पाहिजे होता. तो त्यांच्या हातून सुटला.

पुढें गूच थांबले ते ३३३ धावांवर. त्यांनीं ४३ चौकार व ३ षटकार मारले. लॉर्ड्सवर कसोटी सामन्यांत ह्यापेक्षां मोठी धावसंख्या अजून कोणा एकाच्या नांवावर लागलेली नाहीं. इंग्लंडनें ४ गडी बाद ६५३ धावांवर डाव सोडला. दुसऱ्या डावांत गूच ह्यांनीं आणखी १२३ धावा केल्या. एका कसोटींत एका मनुष्याच्या ४५६ धावा, हाही विक्रम आजपर्यंत टिकून आहे. भारत सामना २४७ धावांनीं हरला.

तेव्हांपासून लोक एक हिशेब करीत आले आहेत. गूच ३६ वर बाद व्हावयाचे ते ३३३ वर बाद झाले. म्हणजे २९७ धावा फुकट दिल्या. हार झाली २४७ धावांनीं. २९७ हे २४७ पेक्षां अधिक. तेव्हां सामना मोरे ह्यांनींच घालविला. हा हिशेब ऐकावयास इतका सोपा आहे कीं त्यावर कोणी बोट ठेवीत नाहीं. वजाबाकी त्यांत बरोबर आहे, पण हिशेब खोटा आहे.

पहिली गोष्ट ही कीं, गूच बाद झाले असते म्हणून इंग्लंडचा डाव तेथेंच आटोपला नसता. त्यांच्या जागीं दुसरा आला असता, आणि तो किती खेळता हें कोणास सांगतां येईल? खेळपट्टी त्या दिवशीं फलंदाजांची होती. ॲलन लॅम ह्यांनीं १३९ धावा केल्या, रॉबिन स्मिथ ह्यांनीं नाबाद १००. गूच ह्यांच्या त्या २९७ धावा अजीबात पुसून टाकल्या तरी ६५३ मधून ३५६ उरतातच. त्या कोणाच्या पदरीं घालावयाच्या? आधीं क्षेत्ररक्षण करण्याचा निर्णय कप्तानाचा होता. इंग्लंडच्या त्या लांबलचक डावांत सगळ्या गोलंदाजांस मिळून चारच गडी बाद करतां आले. दुसऱ्या डावांतील गूच ह्यांचें शतक कांहीं त्या ३६ वरच्या झेलाच्या खात्यावर मांडतां येत नाहीं. आणि शेवटीं भारताचा दुसरा डाव २२४ धावांत आटोपला तो दहा फलंदाज बाद झाल्यानें. ह्या सामन्यांत भारताकडून चांगलेंही पुष्कळ झालें होतें. अझरुद्दीन ह्यांनीं १२१ धावा केल्या, रवि शास्त्री ह्यांनीं १००. पहिल्या डावांत फॉलोऑन टाळण्यास २४ धावा हव्या होत्या आणि एकच गडी शिल्लक होता, तेव्हां कपिल देव ह्यांनीं एडी हेमिंग्ज ह्यांस लागोपाठ चार षटकार मारून तो टाळला. इतकें सर्व त्या पांच दिवसांत घडलें. लोकांनीं त्यांतून एक क्षण उचलला आणि बाकीचे पांच दिवस खालीं ठेवले.

असें कां होतें? अकरा मनुष्यांच्या हातून, पांच दिवसांत, शंभर लहानमोठ्या कारणांनीं झालेली हार मनांत धरून ठेवणें कठीण असतें. एका मनुष्याच्या हातून एका क्षणांत झालेली हार धरावयास सोपी. मनास धरावयास जें सोपें तेंच तें धरतें, आणि त्यासच खरें कारण समजतें. ह्यांत दुष्टपणा असतोच असें नाहीं. पुष्कळ वेळां नुसता आळस असतो.

पण ह्याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. गूच पुढच्याच षटकांत ४० धावांवर बाद झाले असते असें क्षणभर धरा. मग हाच झेल, ह्याच हातांतून, ह्याच रीतीनें सुटलेला, दुपारच्या जेवणापर्यंत तरी कोणाच्या लक्षांत राहिला असता काय? चूक रतीभर लहान झाली नसती. मोरे ह्यांचा दोष जेवढा होता तेवढाच राहिला असता. ती चूक जगप्रसिद्ध झाली ती मोरे ह्यांच्या हातांमुळें नव्हे, तर गूच ह्यांच्या बॅटीमुळें. चुकीचा मोठेपणा आपण तिच्या परिणामावरून ठरवितों, आणि परिणाम तर बहुधा दुसऱ्यांच्या हातीं असतो. मनुष्य आपल्या चुकीबद्दल जबाबदार आहे; तिच्यामागून दुसऱ्यांनीं जें जें केलें त्या सगळ्याचें ओझें त्याच्याच डोक्यावर देणें हें माप खोटें आहे. आमच्या ह्या पाठांतील मुख्य मुद्दा हाच.

आतां आमच्या घराजवळचें एक उदाहरण देतों. चेतन शर्मा नांवाचा वीस वर्षांचा गोलंदाज १८ एप्रिल १९८६ रोजीं शारजा येथें पाकिस्तानविरुद्ध अंतिम सामन्याचें शेवटचें षटक टाकीत होता. (मघांचे संजीव शर्मा निराळे, वाचकांनीं घोटाळा करूं नये.) शेवटचा एक चेंडू उरला होता व पाकिस्तानास चार धावा हव्या होत्या. चेंडू पायांशीं टाकावयाचा तो हातून निसटून टप्पा न पडतांच फलंदाजाच्या पुढ्यांत आला, आणि जावेद मियांदाद ह्यांनीं त्यावर षटकार मारला. त्या एका चेंडूनें ह्या तरुणाच्या कपाळीं जो शिक्का बसला तो आजही पुसला गेलेला नाहीं. परंतु दोनच महिन्यांनीं, लॉर्ड्सवरील त्या पहिल्या विजयांत, ज्यांत मोरे प्रथम खेळले, इंग्लंडच्या पहिल्या डावांतील पांच गडी ह्याच चेतन शर्मांनीं बाद केले होते. त्याच दौऱ्यांत बर्मिंगहॅमच्या कसोटींत त्यांनीं दहा गडी बाद केले.

आणि ३१ ऑक्टोबर १९८७ रोजीं, आपल्या नागपूरच्या जुन्या मैदानावर, जागतिक स्पर्धेच्या सामन्यांत न्यूझीलंडचे रदरफर्ड, स्मिथ व चॅटफील्ड ह्या तिघांच्या यष्ट्या त्यांनीं लागोपाठच्या तीन चेंडूंवर उडविल्या. जागतिक स्पर्धेंत असें पूर्वीं कोणीही केलें नव्हतें. सुनील गावसकर ह्यांनीं एक दिवसाच्या सामन्यांतील आपलें एकमेव शतक झळकविलें तेंही त्याच दुपारीं, त्याच मैदानावर. आणि यष्ट्यांमागें होते किरण मोरे. वर्ध्याहून नागपूर तें किती लांब! सकाळच्या गाडीनें जाऊन हा सामना पाहून आलेले लोक आमच्या जिल्ह्यांत अजून असतील. त्यांच्या गांवच्या तरुणांस विचारा. शारजाचा षटकार त्यांच्या जन्मापूर्वींचा असूनही त्यांस माहीत असतो. पाऊणशें किलोमीटरांवर घडलेलें नागपूर माहीत नसतें.

हा रोग आपल्याच देशांत आहे असें मात्र समजूं नये. अमेरिकेंत बेसबॉल नांवाचा खेळ फार लोकप्रिय आहे. त्यांत चेंडू टोलवून चौकोनाच्या चार कोपऱ्यांवरील ठाण्यांस धावत फेरी घालावयाची असते, आणि पहिल्या ठाण्याजवळ एक गडी चेंडू अडविण्यास उभा असतो. बॉस्टन शहराच्या संघांत बिल बकनर नांवाचा गडी ह्या जागेवर खेळत असे. तो १९६९ पासून १९९० पर्यंत, बावीस हंगाम, मोठ्या संघांतून खेळला. त्याचे यशस्वी टोले २,७१५ भरले. १९८० सालीं शिकागोच्या संघाकडून खेळतांना फलंदाजीचा पहिला क्रमांक त्यानें पटकाविला. १९७५ सालीं घोटा दुखावला तेव्हांपासून तो पाय त्यास जन्मभर सतावीत राहिला, आणि तसल्या पायानें तो खेळत राहिला. १९८६ च्या २५ ऑक्टोबरच्या रात्रीं, न्यूयॉर्कच्या संघाविरुद्ध अजिंक्यपदाच्या मालिकेंतील सहाव्या सामन्यांत, मुकी विल्सन ह्यानें टोलवलेला एक हळू सरपटणारा चेंडू त्याच्या दोन पायांमधून निघून गेला, आणि त्यावर न्यूयॉर्कनें सामना जिंकला. बॉस्टननें १९१८ पासून अजिंक्यपद मिळविलें नव्हतें. अडुसष्ट वर्षांच्या निराशेचें सगळें गाठोडें लोकांनीं त्या एका मनुष्याच्या डोक्यावर ठेवलें. त्यास जीवे मारण्याच्या धमक्या आल्या. पुढें तो आपलें कुटुंब घेऊन दूर आयडाहो प्रांतांत जाऊन राहिला.

ह्याही ठिकाणीं वही उघडून पाहावी. चेंडू निसटला त्यापूर्वींच न्यूयॉर्कनें बरोबरी साधली होती. बॉस्टनची दोन गुणांची आघाडी गोलंदाजांच्या हातून गेलेली होती. शेवटच्या वेळीं दुखऱ्या पायाच्या बकनरच्या जागीं दुसरा गडी उभा करण्याची त्यांच्या व्यवस्थापकाची पुष्कळदां चाल असे. त्या रात्रीं ती केली नाहीं. आणि मालिका त्या दिवशीं संपलीही नव्हती. सातवा सामना बाकी होता, त्यांत बॉस्टननें आधीं तीन गुणांची आघाडी घेतली आणि तीही गमावली. जनतेच्या स्मरणांत ह्यांतील कांहींही नाहीं. तेथें फक्त दोन पाय आहेत व मधून जाणारा चेंडू.

बॉस्टननें २००४ सालीं अजिंक्यपद मिळविलें, आणि २००८ च्या ८ एप्रिलला त्याच शहराच्या मैदानावर हंगामाचा पहिला चेंडू टाकण्यास बकनरला बोलाविलें. हजारों लोक उभे राहिले आणि कितीतरी वेळ टाळ्या वाजवीत राहिले. तो डोळे पुसत चेंडू टाकावयास गेला. चूक झाली त्यास तेव्हां बावीस वर्षें होत आलीं होतीं.  बकनर २०१९ च्या मे महिन्यांत वारला.

येथें कोणी म्हणेल कीं, तुम्ही चुकीस चूक म्हणूं नका असें सांगतां काय? तसें मुळींच नाहीं. लॉर्ड्सचा झेल सोपा होता व तो सुटला. हें लिहिलेंच पाहिजे. जो मनुष्य आपली चूक झांकतो, किंवा ज्याचे सोयरे ती झांकतात, त्याच्या खऱ्या कामावरचाही विश्वास उडतो. तसेंच चूक आणि अपराध ह्यांत जें अंतर आहे तेंही विसरतां कामा नये. वर्गणीची बेरीज करतांना ज्या पंचाचा हातचा एक राहून गेला तो चुकला. ज्यानें तो एक खिशांत घातला त्यानें अपराध केला. पहिल्यास दुसऱ्याच्या रांगेंत बसविणें हा जसा अन्याय, तसेंच दुसऱ्यानें पहिल्याचा आडोसा घेणें हीही लबाडी. आम्ही बोलत आहों तें पहिल्याविषयीं. त्याचा झेल सुटला असेल; त्यानें विकला नाहीं.

आमच्या खेड्यांत असे किती पहिले आहेत! मृग लागला, एक चांगली सर आली, आणि गांवांतील एखाद्या जाणत्या कास्तकारानें चार घरांस सांगितलें कीं ओल पुरेशी आहे, पेरा. लोकांनीं पेरलें. मग पाऊस पंधरा दिवस दडी मारून बसला, बीं जळालें, दुबार पेरणीचें कर्ज झालें. हें दुःख लहान नव्हे, आणि सल्ला चुकला हेंही खरें. परंतु त्याच मनुष्यानें त्यापूर्वीं वीस मृग बरोबर ओळखले होते, आणि त्या वीस वर्षीं ज्यांचीं कोठारें भरलीं त्यांपैकीं कोणीही त्याच्या घरीं जाऊन तसें बोलून दाखविलें नव्हतें. पाऊस कांहीं त्यानें थांबविला नाहीं. पुढें तो चावडीवर आला कीं कोणीतरी हंसून विचारतो, "काय बुवा, पेरूं काय?" आणि एके वर्षीं तो चावडीवर येईनासा होतो. त्याच्याबरोबर गांव काय गमावतें? वीस पावसाळे जवळून पाहिलेला एक डोळा गमावतें. हा तोटा कोणाच्याही वहींत चढत नाहीं. शाळेंत पहिल्याच तपासणीस गोंधळलेला तरुण शिक्षक, सभेंत एकदां शब्द अडलेला उपदेशक, एकदां ज्या सुइणीच्या हातून मूल गेलें ती म्हातारी, ह्यांच्याविषयींही असेंच पाहावें. त्यांच्या मागें हंसणारे पुष्कळ मिळतात; त्यांची वही उघडणारा एखादा तरी असावा लागतो.

मोरे ह्यांचें पुढें काय झालें, हें सांगावयाचें राहिलें. लॉर्ड्सनंतर ते खचून घरीं बसले नाहींत. १९९३ सालापर्यंत ते भारताकडून कसोटी खेळत राहिले. मार्च १९९२ मध्यें सिडनी येथील जागतिक स्पर्धेच्या सामन्यांत त्यांच्या वारंवार ओरडून दाद मागण्यानें चिडून मियांदाद बेडकासारखे उड्या मारूं लागले, हा प्रसंग लोक मोठ्या चवीनें सांगतात. भारत तो सामना ४३ धावांनीं जिंकला, हें सांगावयास बहुधा विसरतात. खेळ सोडल्यावर मोरे ह्यांनीं बडोद्यांत मुलांस क्रिकेट शिकविण्याची संस्था काढली. हार्दिक व कृणाल हे पंड्या बंधू तेथेंच शिकले. पुढें ते भारताचा संघ निवडणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाले, व २००६ सालीं त्यांच्या जागीं दिलीप वेंगसरकर आले. मोरे अध्यक्ष असतांनाच, २००४ सालीं, रांचीचा महेंद्रसिंग धोनी नांवाचा एक केंसाळ यष्टिरक्षक भारतीय संघांत घेतला गेला. २०११ सालीं मुंबईच्या वानखेडे मैदानावर षटकार मारून त्यानें जागतिक अजिंक्यपद भारतास मिळवून दिलें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. ज्याच्या हातून झेल सुटला म्हणून लोक हंसतात, त्यास दुसऱ्याचे हात पारखतां येत होते.

ज्या गांवीं रात्रीचा वर्ग भरतो तेथें शिक्षकांनीं हा पाठ मोठ्यानें वाचून दाखवावा आणि लॉर्ड्सचा हिशेब मुलांकडून पाटीवर करवून घ्यावा. प्रथम ३३३ मधून ३६ वजा करावे. आलेली बाकी ६५३ मधून पुन्हां वजा करावी. उत्तर ३५६ आलें कीं पाटी पुसूं देऊं नये. वर्गांतील प्रत्येकास विचारावें कीं ह्या ३५६ धावा कोणाच्या नांवावर मांडावयाच्या, व तो जें नांव सांगेल तें पाटीवर त्या आंकड्यापुढें लिहावें.